‘धीर धरा’ म्हणणारा कोण?

कुणाच्या घरी मोठं संकट आलं की पहिल्या दोन-चार दिवसांत जी वाक्यं कानावर येतात ती ठरलेली असतात. ‘देव परीक्षा बघतोय.’ ‘त्याच्या मनात असेल तसं होईल.’ ‘तू शांत राहा, सगळं त्याच्यावर सोड.’ बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. काय बोलावं ते सुचत नाही, गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून हे तोंडात येतं. पण हीच वाक्यं पुढे मंचावरून, मंडपातून, कधी कधी सरकारी टेबलाच्या पलीकडूनही ऐकू यायला लागतात, तेव्हा तो खाजगी सांत्वनाचा विषय राहत नाही.

त्यावर आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एकाला वाटतं, ही सगळी अफू आहे. माणसाला लुळं करून ठेवायचं आणि वर त्याला श्रद्धा म्हणायचं. दुसऱ्याला वाटतं, ज्याला शांत राहता येत नाही त्याचा विश्वासच कच्चा. वर्षानुवर्षं हे भांडण चालू आहे आणि दोन्हीकडचे लोक त्या वाक्याचीच चिरफाड करतात: ते खरं की खोटं, शहाणपणाचं की मूर्खपणाचं. मला वाटतं, वाक्य तपासण्याआधी बोलणारा तपासावा. जो स्वतः सोसतोय त्याने ‘मी देवावर भार टाकून शांत बसलोय’ म्हटलं तर त्यात बळ असतं. ज्याच्या हातात समोरच्याचं थांबणं संपवायची किल्ली आहे, त्याने तेच म्हटलं तर ती टाळाटाळ असते. शब्द तेच राहतात.

आधी पहिल्या प्रकाराबद्दल, कारण बुद्धिवादी मित्र त्याला उगाच हसतात. सरकारी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर रात्र काढलेल्या कुणालाही ते दृश्य परिचयाचं असेल: जमिनीवर अंथरलेली सतरंजी, उशाला कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी, भिंतीला टेकून झोपलेले नातेवाईक. अशाच एका रात्री माझ्या शेजारी एक आजी पोथी वाचत बसल्या होत्या. नातू आत होता. दार उघडून सिस्टर ओरडल्या, “सात नंबरचं कोण आहे?” आजींनी चष्मा काढून पोथीत खूण म्हणून ठेवला, चिठ्ठी घेतली, खाली मेडिकलमधून इंजेक्शन आणून दिलं आणि परत येऊन बोटाने ओळ शोधून पुढे वाचायला लागल्या. थोड्या वेळाने त्यांचा कुणी पुतण्या आला. उभ्या उभ्याच म्हणाला, “काकू, देवाच्या मनात असेल ते होईल.” आजींनी मान वर न करता सांगितलं, “त्याच्या मनात काय आहे ते मी त्याला इचारते. तू तेवढं रक्तपेढीचं बघून ये.”

त्या बाईला श्रद्धेने लुळं केलं असं मी तरी म्हणू शकणार नाही. त्या मजल्यावर हातपाय न गळालेली ती एकटीच होती. जे आपल्या हातात नाही त्याची चिंता तिने दुसऱ्या कुणाकडे सोपवली होती, आणि म्हणून चिठ्ठी वाचायला, पैसे मोजायला, पुतण्याला कामाला लावायला तिचं डोकं मोकळं होतं. ज्याच्यावर सोपवली तो आहे की नाही हा वाद त्या मजल्यावर घालण्यात मला तरी काही अर्थ वाटला नाही.

शेतकऱ्यालाही हे थांबणं सांगावं लागत नाही. मृग निघाला, एखादी सर पडली म्हणून तिफण काढणारा उतावळा माणूस दुबार पेरणीला बसतो. जाणता माणूस पुरेशी ओल मुरायची, मग जमीन पेरणीजोगी होऊन वापसा यायची वाट बघतो. पण तो वाट बघतो तेव्हा नांगरट झालेली असते, वखराच्या पाळ्या दिलेल्या असतात, बियाणं घरात असतं. आभाळाकडे बघून तो हात जोडतो ते एवढं सगळं करून झाल्यावर.

आणि २०२० साल तर आपण सगळ्यांनी बघितलं. मार्चमध्ये विठ्ठल मंदिर दर्शनासाठी बंद झालं. पिढ्यानपिढ्या आषाढीला पायी निघणारी माणसं त्या वर्षी घरात बसली, आणि संतांच्या पादुका मोजक्या लोकांबरोबर एसटीने पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षीही तेच. ज्यांना ‘अडाणी गर्दी’ म्हणून शहरातले लोक हिणवतात त्या वारकऱ्यांनी ते मानलं. वारी चुकली म्हणून रडलेली माणसं मला माहीत आहेत, पण तिथे थांबणं म्हणजे दुसऱ्याचा जीव वाचवणं होतं हे त्यांना कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. शांत राहून वाट बघण्याचा याहून चांगला सार्वजनिक दाखला माझ्या आठवणीत नाही.

आता दुसरी बाजू. या विषयावर प्रवचन असलं की एक अभंग हमखास येतोच: ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान.’ कर्ज, बेकारी, दुष्काळ, नवऱ्याची मारहाण, काहीही असो, औषध हेच. विरोधकही याच अभंगावर तुटून पडतात. पुढच्याच कडव्यात भोग हे संचिताचं फळ असल्याचं म्हटलं आहे, त्यामुळे त्यांना आयतंच सापडतं.

पण हे म्हणणारा कोण होता ते बघा. १६३० ते ३२ या काळात दख्खनमध्ये पडलेला दुष्काळ इतिहासातल्या भयंकर दुष्काळांपैकी एक. देहूच्या या वाण्याचं, तुकोबांचं, दिवाळं त्यात निघालं, आणि ते त्याने स्वतःच सांगून ठेवलंय: ‘दुष्काळे आटिले द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली.’ घरात अन्न अन्न करत बायको गेलेली बघितलेला माणूस जेव्हा चित्तात समाधान असू द्यावं म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या मनाची समजूत घालत असतो. त्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. आपण तो अभंग उचलतो आणि दुसऱ्याच्या तोंडावर मारतो.

त्याहून महत्त्वाचं असं की तुकोबा नुसते सोसणारे नव्हते, ते घेणेकरीही होते. घरात सावकारी होती, लोकांची कर्जखतं घरात होती. परंपरा सांगते की त्यांनी कान्होबाशी वाटणी केली आणि आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. गावात दुष्काळ, कुळं नागवलेली. त्या कुळांना ‘ठेविले अनंते’ ऐकवणं तुकोबांना किती सोपं होतं! ओळही त्यांचीच. पण ज्यांच्याकडे आपलं येणं अडकलंय त्यांच्यासमोर त्यांनी अभंग म्हटला नाही, कागद बुडवले. एवढी एक गोष्ट प्रवचनकारांनी त्या अभंगाच्या जोडीला दर वेळी सांगितली, तर माझी तक्रार निम्म्याने कमी होईल.

आणि देवासमोर तरी ते कुठे गप्प होते? वह्या इंद्रायणीत गेल्यावर नदीकाठी अन्नपाणी सोडून बसलेले तुकोबा देवाला बोलायला कमी करत नाहीत: ‘तेरा दिवस जाले निश्चक्र करिता । न पवसी अनंता मायबापा.’ दगडाची खोळ पांघरून बसलास काय रे, असंही विचारतात. म्हणजे जागेवरून हलायचं नाही, पण तोंड बंद ठेवायचं नाही. हे आपल्याकडचं देवाशी नातं आहे. विश्वास ठेवणाऱ्याने मान खाली घालून मुकाट बसावं, ही कल्पना कुठून आली ते मला कळत नाही. निदान गाथेतून तरी आलेली नाही.

याच पंढरपुरात महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. विठ्ठलावर विश्वास ठेवून वाट बघण्याची गोष्ट सांगायची तर चोखामेळ्यांइतका मोठा अधिकार कुणाचा? आयुष्यभर देवाचं नाव घेतलं, आणि जन्मावरून ठरवलेल्या जागी, दाराबाहेर, उभे राहिले. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीने राबत असताना कूस कोसळून ते गेले. परंपरेने ते साल १३३८ मानतात. नामदेवांनी अस्थी आणल्या त्या दारापर्यंतच. मेल्यावरही दाराच्या आत नाही.

कीर्तनात चोखोबांचा धीर गहिवरून सांगितला जातो. ऐकणाऱ्यांचे डोळे ओले होतात. पण तो धीर त्यांना कुणी धरायला लावला? दार देवाने बंद केलेलं नव्हतं. आत उभी असलेली माणसं बाहेरच्याची भक्ती किती निरपेक्ष म्हणून वाखाणत होती आणि कडी काढत नव्हती. चोखोबांच्या मुलाला, कर्ममेळ्याला, हे स्पष्ट दिसलं होतं. ‘आमुची केली हीन याती । तुज का न कळे श्रीपती’ असं त्याने थेट विचारलं. उष्टं खाण्यात जन्म गेला, तुझ्या मनाला लाज कशी वाटत नाही, असंही. बापाइतकीच भक्ती, पण त्याच्या अभंगाला कीर्तनात फारशी जागा मिळत नाही. का मिळत नाही ते समजायला फार अभ्यास लागत नाही.

ते दार उघडलं १९४७ साली. साने गुरुजी मे महिन्याच्या पहिल्या तारखेपासून पंढरपुरात उपोषणाला बसले, त्याआधी महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकमत जागं केलं होतं, आणि अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांना विठ्ठलाच्या गाभाऱ्यापर्यंत जाता आलं. मधे सहाशेहून अधिक वर्षं गेली. तोवर नाशिकला काळाराम मंदिरासमोर वेगळं घडून गेलं होतं. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, आणि शेवटी १९३५ मध्ये येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. दाराबाहेरच्या माणसाला ‘थांब’ म्हणण्याची किंमत आतल्यांनाही मोजावी लागते ती अशी.

गंमत म्हणजे पंढरपूरची मूळ कथा नेमकी उलटी आहे. तिथे वाट बघतो तो देव. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत आहे, त्याने मागे न बघता वीट सरकवून दिली आणि देव अठ्ठावीस युगं तिच्यावर उभा राहिला. माणसाचं हातातलं काम संपेपर्यंत ज्याला थांबायला हरकत वाटली नाही, अशा देवाच्या नावाने आपण माणसांना ताटकळत ठेवतो.

पंडिता रमाबाईंचं नाव या संदर्भात कुणी घेत नाही, पण घ्यायला हवं, कारण वाट बघण्याचे दोन्ही प्रकार त्यांनी एकाच आयुष्यात भोगले. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. कुटुंब तीर्थाटन करत, पुराण सांगत भारतभर फिरायचं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा होतं नव्हतं ते संपलं. घरात व्रतं चालू, जप चालू, दानधर्मात पैसा गेलेला, आणि देव काहीतरी चमत्कार करील ही आशा. भीक मागायला मानीपणा आड येई, मजुरी करायला जात आडवी येई. वडील गेले, पाठोपाठ आई, बहीणही गेली. हे सगळं रमाबाईंनी पुढे स्वतःच सांगितलं आहे, आणि ते सांगताना बापाच्या श्रद्धेची टवाळी केलेली नाही.

पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. त्यांची श्रद्धा कमी झाली नाही, उलट इतकी वाढली की केडगावचं मुक्ती मिशन त्या प्रार्थनेवर चालवत असत. ठरलेलं उत्पन्न हातात नसताना शेकडो मुलींचं अन्नवस्त्र बघायचं. पण १८९६–९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या प्रार्थना करत बसून राहिल्या नाहीत. मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीत सापडलेल्या मुलींना घेऊन आल्या. त्यांच्या संस्थेत शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, आणि उच्चवर्णीय म्हणवणाऱ्या घरातल्या मुलींनाही हाताने काम करणं शिकावं लागे. ज्या मानीपणापायी स्वतःचं घर उपाशी मेलं, तो त्यांनी तिथे दाराबाहेर ठेवला.

ख्रिस्ती मंडळींमध्ये शांत राहण्याचा उपदेश करताना स्तोत्रसंहितेतलं शेहेचाळिसावं स्तोत्र नेहमी घेतात: शांत व्हा आणि जाणा की मी देव आहे. भिंतीवरच्या तसबिरीत ती एकच ओळ असते. आधीची ओळ मात्र तसबिरीत बसत नाही. तिथे देव धनुष्य मोडतो, भाला तोडतो, रथ जाळतो. राष्ट्रं खवळलेली आहेत आणि त्यांच्या हातातली हत्यारं मोडून झाल्यावर हा आवाज येतो. मला तरी ती आज्ञा मार खाणाऱ्याइतकीच, किंबहुना जास्तच, मारणाऱ्याला दिलेली वाटते.

इथवर जुन्या काळाबद्दल बोलले. आज काय चालतं? गारपिटीत पीक गेलं, पंचनामा झाला, आणि मग तहसीलला खेटे. “वरून आलं नाही अजून.” “तुमचं केवायसी राहिलंय.” “साईट बंद आहे, उद्या या.” निराधार पेन्शनचे पैसे थकलेली म्हातारी माणसं बँकेच्या पायरीवर बसलेली असतात आणि आतला माणूस समजुतीने म्हणतो, “आजी, धीर धरा, देव आहे.” तो माणूस दुष्ट नाही, त्याच्याही हातात फारसं काही नसेल. पण हळूहळू आपल्या सगळ्यांना या भाषेची सवय होते. पाऊस न येणं आणि अनुदान न येणं एकाच सुरात बोललं जातं. पाऊस कुणी अडवून ठेवलेला नसतो. अनुदानाची फाईल मात्र कुठल्या तरी टेबलावर असते, त्या टेबलाला नंबर असतो, आणि त्यामागे बसणाऱ्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. दोन्ही ठिकाणी देवाचं नाव घेतलं की टेबलामागचा माणूस दिसेनासा होतो.

दुसरा धोका बुवाबाजीचा. ‘विश्वास ठेव, औषध बंद कर’ असं सांगणारे सगळ्या धर्मांत आहेत. त्यांच्याकडे थांबणं विकत मिळतं. आणखी पाच गुरुवार, आणखी एक अंगारा. इथे आपल्या कायद्याने एक रेघ ओढली आहे ती नीट वाचण्यासारखी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं त्यात गुन्हा आहे. आणि त्याच कायद्यात यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना हात लावलेला नाही, तसं स्पष्ट लिहिलंय. ‘हा कायदा वारी बंद पाडणार’ अशी हाकाटी झाली होती. वारी चालू आहे. देवाचं नाव घेत बसलेल्याला कुणी उठवत नाही, फक्त दुसऱ्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवू नका, एवढंच मागणं आहे. हे श्रद्धावंतांनाही मान्य व्हावं. त्या रुग्णालयातल्या आजींना ते कुणी सांगायच्या आधीच मान्य होतं.

यावर एक आक्षेप असा येईल की मग संकटातल्या माणसाला काय बोलायचं? धीर द्यायचाच नाही? द्यावा, पण थोडा वेळ काढून द्यावा. डबा घेऊन जावं. रात्रपाळीला त्याच्या जागी बसावं. कागदपत्रांची पिशवी उघडून काय राहिलंय ते बघावं. एवढं करून झाल्यावर ‘देव आहे’ म्हटलं तर ते समोरच्याला पटतं, आणि न म्हटलं तरी चालतं. ज्याला यातलं काहीच करणं शक्य नाही, त्याने फोनवर विचारपूस करावी आणि देवाच्या योजनेबद्दल मतप्रदर्शन टाळावं. तेरा वर्षांची मुलगी गेलेल्या घरात जाऊन ‘चांगली माणसं देवाला लवकर आवडतात’ म्हणणाऱ्यांना तर मी हात जोडते.

आणि मंडपवाल्यांना एक सुचवावंसं वाटतं. गावोगाव सप्ताह होतात. मंडप असतो, वीज असते, माईक असतो, आणि महाप्रसादाची वाट बघत बसलेला सगळा गाव असतो. त्याच मंडपाच्या कडेला एक टेबल टाकावं, गावातली दोन शिकलेली पोरं मोबाईल घेऊन बसवावीत आणि कुणाचं केवायसी, कुणाचा पीकविम्याचा अर्ज, कुणाचा हयातीचा दाखला अडलाय ते बघावं. यावर लगेच कुणीतरी म्हणेल, कीर्तनात ही कसली भानगड, धर्माच्या जागी धर्म राहू द्या. त्यांनी गाडगेबाबा आठवावेत. त्यांनी पंढरपुरात चोखोबांच्या नावाने धर्मशाळा बांधली, वाळवंट झाडलं, आणि कीर्तनात देवाचं नाव घेता घेता ‘कर्ज काढू नका, पोरं शाळेत घाला’ हे सांगितलं. त्यांचं कीर्तन कुणी भानगड म्हणून बंद पाडल्याचं मी ऐकलेलं नाही. टेबलाचं भाडं मंडपवाला वेगळं लावणार नाही, आणि काल्याच्या दिवसापर्यंत निम्म्या गावाचे अर्ज तरी भरून होतील.